नाला खोल झाला, तरी एप्रिलात टँकर का?

प्रश्न थोडक्यात असा. नगर-बीडच्या सीमेवर, बालाघाटच्या कडेला गाव. शिवार साधारण १,००० हेक्टर, त्यातलं १८० हेक्टर गायरान आणि डोंगर. पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी पोकलेन लावून दीड किलोमीटर नाला खोल केला, गायरानावर पाच हजार झाडं लावली. झाडं जवळपास सगळी गेली. एप्रिल लागला की टँकर चालू. शेळीवाले आणि मेंढपाळ चराईबंदीला तयार नाहीत, वरून वेडी बाभूळ वाढते आहे. तरुण सरपंच विचारतात : काम तर सगळं झालं, पाणी कुठे गेलं? आता कुठून सुरुवात करू, आणि किती वर्षं लागतील?

सरपंच, ‘काम सगळं झालं’ हे शब्द मी दोनदा वाचले. पाणलोटाच्या कामात मला सव्वीस वर्षं झाली. तुम्ही केलंत ते मीही केलेलं आहे, त्यामुळे खालचं बोलणं उपदेश म्हणून घेऊ नका.

आधी नाल्याचं. पोकलेनचं बकेट तळाला गेलं तेव्हा कसला दगड निघाला, आठवतंय का? आपल्याकडचे जुने विहीर खोदणारे दोन शब्द वापरतात, मांजऱ्या आणि काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे बारीक भोकांचा, पांढरे ठिपके असलेला, पहारीनं फुटणारा खडक. त्यात पाणी चालतं. काळा पाषाण अखंड असतो, भेग नसली तर घागरभर पाणीसुद्धा पीत नाही. हे थर पोळ्यांच्या चवडीसारखे एकावर एक आडवे पडलेले आहेत. तुमचा नाला काळ्या पाषाणात उतरला असेल तर तुम्ही लांबच लांब हौद बांधलात. पाणी दिसतं, फोटो छान येतो आणि मार्चच्या उन्हात उडून जातं. मांजऱ्याला आडवा छेद गेला असेल तर त्याहून वाईट. दोन्ही काठांच्या विहिरींना मिळायचं ते पाणी आता नाल्यात पाझरतं आणि खाली वाहून जातं. ओळखायची खूण सोपी आहे : नाल्यालगतच्या विहिरी खोलीकरणानंतर लवकर उतरायला लागल्या का, एवढं त्या शेतकऱ्यांना विचारा.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला खोलीकरण चाललं म्हणून सगळ्या महाराष्ट्रानं पोकलेन आणले. पण तिथे तापीच्या गाळाचा पट्टा आहे. वरचा चिकणमातीचा थर पाणी खाली जाऊ देत नव्हता, तो फोडल्यावर वाट मोकळी झाली. आपल्या डोंगरकडेला तसा गाळ नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा भूवैज्ञानिक एक दिवस नाल्याच्या काठानं चालवून आणला असता तर त्यानं हे सांगितलं असतं. आता खोदलेलं बुजवत बसू नका. नाल्यात टप्प्याटप्प्यानं लहान सिमेंट बंधारे किंवा गॅबियन, म्हणजे जाळीत दगड भरून केलेले बांध, घालून पाण्याची पातळी उंच धरा. पण तेही पुढच्या वर्षी. कारण वरचा डोंगर उघडा असेपर्यंत जे बांधाल ते दोन पावसांत गाळानं भरेल, आणि तळाला तो बारीक गाळ बसला की झिरपणंही बंद.

म्हणून सुरुवात गायरानावर, माथ्यावरून. माथा ते पायथा हे शब्द तुम्ही प्रशिक्षणात ऐकले असतीलच. मग काम पायथ्यापासून का सुरू झालं? मशीन तिथे पोचतं म्हणून. माथ्यावर माणसं चढवावी लागतात.

सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले चर काढताना यंत्राचा मोह नको. पहिले चार दिवस तर फक्त रेषा आखण्यात जाऊ द्या. हायड्रोमार्कर म्हणजे तरी काय, सारख्या उंचीच्या दोन काठ्या, त्यांना पट्ट्या आणि मधे पाणी भरलेली पारदर्शक नळी. एका गावात हे काम चार बायकांनी इतकं नेटकं केलं की मी नंतर त्यांनाच दुसऱ्या गावांत शिकवायला नेलं. एक मागच्या काठीशी उभी, दुसरी पुढची काठी वरखाली सरकवत जागा शोधते. नळीतलं पाणी डुलत असतं, ते थांबेपर्यंत कुणी आकडा बोलायचा नाही हा त्यांचा नियम. दोन्हीकडचा आकडा जुळला की तिसरी त्या जागी फक्की टाकते. चौथीचं काम नळी उचलून उन्हाकडे धरायची आणि आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते बघायचं. त्या एका बुडबुड्यामुळे माझ्या पहिल्या वर्षी दीडशे मीटरची रेष उतरती गेली होती. जूनमध्ये मोठा पाऊस झाला, सगळ्या चराचं पाणी एका टोकाला धावलं आणि खालच्या शेतकऱ्याचा ताल, म्हणजे शेताचा बांध, फोडून गेलं. तो माणूस पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.

चर पहिली दोन-तीन वर्षं पाणी अडवतात, नंतर बुजत जातात. बुजायच्या आत गवत उभं राहिलं पाहिजे.

तुमची पाच हजार झाडं गेली त्याचं मला फारसं दुःख नाही, रागावू नका. माळावर वीत-दीड वीत माती, खाली मुरूम. तिथे झाड मेमध्ये जगवायचं तर टँकर लागतो, आणि टँकर तर तुम्ही प्यायला आणता. पण जगली असती तरी प्रश्न होताच. १९९९ मध्ये मी एका माळावर गिरीपुष्प लावलं होतं. जगलं, हिरवं दिसलं, तपासणीला आलेले साहेब खूश झाले. पाचेक वर्षांनी त्याच्याखाली गवताची काडी नव्हती आणि आमच्या भागातलं जनावर त्या पाल्याला तोंड लावत नव्हतं. पूर्वी तिथे चंडोल, माळटिटवी, धाविक दिसायचे, संध्याकाळी खोकड दिसायचं. ते सगळं गेलं. सरकारी कागदात माळाला ‘पडीक’ म्हणतात, आणि पडीक म्हटलं की कुणालाही तिथे काहीतरी उगवून दाखवावंसं वाटतं. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी केलं, आज तिथे माळढोक जवळपास दिसेनासा झाला. त्याची कारणं अनेक आहेत, पण गवताळ माळ मोडून शेती आणि झाडी करणं हे त्यातलं मोठं.

झाड लावायचंच तर ओघळीच्या कडेला करंज, बांधावर कडुनिंब, घळीत बोर, हिवर, खैर. तेही रोप आणून नव्हे, चराच्या भरावावर बी टोकून. दहातलं एक जगेल, पण ते स्वतःच्या मुळावर जगलेलं असेल. उरलेला माळ गवताला ठेवा.

गवत लावावं लागत नाही, राखावं लागतं. पहिल्या पावसाळ्यात एकदांडी, टाकळा आणि कुसळी दिसेल, लोक हसतील. कुसळी दिसली म्हणून घाबरू नका. तिच्या बियांना पीळ असतो, ओल लागली की फिरून स्वतःला मातीत रोवून घेतात, म्हणून उघड्या मुरमावर पहिली तीच येते. फक्त ती फुलोऱ्यावर येण्याआधी कापा. नंतर तिची कुसळं मेंढरांच्या लोकरीत आणि जनावरांच्या तोंडात रुततात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उतारावर पवन्या आणि शेडा डोकं काढतात, चराच्या ओलीला मारवेल येतो. एक म्हातारी मला विळ्याच्या टोकानं दाखवायची, ‘ह्ये म्हशीचं, ह्ये बैलाचं, आन् ह्ये नुसतं दिसायला.’ अशी म्हातारी तुमच्याही गावात असेल. तिला समितीत घ्या. माझ्या डिप्लोमावाल्या सहकाऱ्यांपेक्षा तिला गवतं जास्त कळायची.

हिवरे बाजारचं नाव निघालं की लोक विहिरींविषयी विचारतात. मी आधी गवताचा आकडा सांगतो : सुरुवातीला तिथे चारा निघायचा शंभर टनांच्या आसपास, काही वर्षांत तो सहा हजार टनांच्या घरात गेला. पाऊस तोच, ४०० मिलिमीटरच्या आतबाहेर. चारा आला म्हणून दुभती जनावरं आली, दूध आलं, आणि माळ राखण्यात माणसाचा रोजचा फायदा दिसू लागला. पाणी दिसायला वेळ लागतो. चारा लवकर दिसतो.

आता तुमचं खरं दुखणं, चराईबंदी. चराईबंदी म्हणजे नक्की कुणावर बंदी, याचा हिशोब आधी कागदावर मांडा. बागायतदाराच्या म्हशी गोठ्यात असतात, त्याचं काहीच अडत नाही. अडतं ते सहा शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईचं, आणि मेंढपाळांचं. आमच्याकडचे बरेचसे मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. म्हणजे गवत राखायचे चार महिने नेमके त्यांचे घरी असायचे चार महिने. तुम्ही पावसाळ्यात गायरान बंद केलंत की त्यांनी जायचं कुठे, हे ठरावात कुठंच लिहिलेलं नसतं.

मी हे अंगावर शेकून शिकलो. एका गावात ग्रामसभेत हात वर झाले, ठराव मंजूर, टाळ्या. ऑगस्टमध्ये रात्री शेळ्या आत सोडल्या गेल्या, फेब्रुवारीत वाळलेलं गवत पेटवलं गेलं. मी गावाला दोष देत बसलो. मग एका ट्रॅक्टरवाल्यानं सहज विचारलं, ‘साहेब, सभा कवा घेतली व्हती?’ जानेवारीत. जानेवारीत निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं! ज्यांच्या शेळ्या, ते सभेला नव्हतेच.

पुढच्या खेपेला तोडीवाले परत आल्यावर, अक्षय्य तृतीयेच्या आसपास बैठक घेतली. तीसुद्धा ग्रामपंचायतीत नाही, वस्तीवर. दोन रात्री नुसती भांडणं झाली. तिसऱ्या रात्री जे ठरलं ते असं : सगळा माळ एकदम बंद करायचा नाही. एक तृतीयांश बंद, बाकी उघडा, तीन वर्षांनी पाळी बदलायची. बंद भागात विळ्यानं कापून न्यायला मोकळीक, पण पहिला हक्क भूमिहीनांचा, मग अल्पभूधारकांचा, आणि पाच एकरांच्या वरच्याला शेवटी. मेंढ्यांना दिवाळीनंतर, गवताचं बी झडल्यावर, तीन आठवडे आत सोडायचं. त्याआधी पाऊसकाळात ज्यांची रानं रिकामी आहेत त्यांनी मेंढरं बसवून घ्यायची आणि धान्य द्यायचं. राखणदार शेळीवाल्यांतलाच नेमायचा. ही शेवटची अट एका बाईनं घातली, आणि तीच सगळ्यात कामाची ठरली. शेळ्या कुठल्या वाटेनं घुसतात हे त्यालाच माहीत होतं.

दंड ठेवा, पण वसूल करता येईल एवढाच. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं नव्वदच्या दशकापासून शेकडो हेक्टर जंगल असंच गावच्या नियमांनी राखलं. त्या कामाचे पुढारी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी झाडांचे फोटो छापले. तिथे बघण्यासारखं आहे ते हे, की नियम गावानं स्वतः केले आणि तोडणाऱ्याला गावानंच दंड केला. दरेवाडीलाही, संगमनेर तालुक्यात, नव्वदच्या दशकात चराईबंदीवरून अशीच ओढाताण झाली. श्रमदान करून दाखवल्याशिवाय पुढचं काम मिळायचं नाही, अशी तिथल्या पाणलोट कार्यक्रमाची पद्धत होती. मला ती त्या वेळी जाचक वाटायची. आता वाटत नाही.

गायरानावर अतिक्रमणं असतील तर ती या कामात ओढू नका. तो तंटा सुरू झाला की माळ राहील बाजूला.

आता एक हिशोब, तोही ग्रामसभेत फळ्यावर करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, दहा घनमीटर. तुमच्या हजार हेक्टरवर ५०० मिलिमीटर पडला तर ५० लाख घनमीटर. ऐकायला प्रचंड वाटतं. पण आपल्या खडकात आपोआप मुरतं ते ढोबळ दहा टक्के, म्हणजे ५ लाख. तुम्ही लिहिलंय की गावात साठ एकर ऊस आहे. साठ एकर म्हणजे २४ हेक्टर. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी निदान २० हजार घनमीटर धरा, झाले ४ लाख ८० हजार. थोडं पावसातून भागतं, थोडं परत मुरतं, हे मान्य. तरी गावाच्या आडात एका वर्षात जेवढं पडतं जवळपास तेवढंच साठ एकर ऊस ओढतो. चर खोदून, माळ राखून मुरणारं पाणी वाढवाल, पण त्या वाढीवर दिवाळीच्या आत कुणीतरी नवा बोअर घेणार. मी अशी गावं पाहिली आहेत जिथे पाणलोटाचं काम उत्तम झालं आणि त्यामुळेच बोअर दुप्पट झाले. टँकर दोन वर्षं थांबला, तिसऱ्या वर्षी पुन्हा आला.

तुमचं गाव ऊस तोडायला बाहेर जातं आणि गावातलं पाणी गावातला ऊस पितो, हे मी नुसतं नोंदवून ठेवतो.

राळेगणपासून आदर्श गाव योजनेपर्यंतची पाच सूत्रं आता शाळेतली पोरंही म्हणतात : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी, श्रमदान. हिवरे बाजारनं त्यात बोअरबंदी जोडली, शेतीसाठी बोअर नाही. दरवर्षी पाऊस मोजून रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायला लागले. हा भाग पाहुणे बसमधून उतरून बघत नाहीत, कारण बघण्यासारखं काही नसतं, एक पर्जन्यमापक आणि एक फळा. कायदाही आहे : महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात, निदान सरकारनं अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत तरी, शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे सुमारे दोनशे फुटांखाली विंधन विहीर घ्यायला मनाई आहे. तुमच्या गावात सातशे फुटांचे बोअर किती, ते तुम्हाला माहीत आहे, मी विचारत नाही. बोअरच्या गाड्या रात्रीच येतात. गावानं ठरवलं तर गाडी वेशीवर थांबते, तहसीलदारानं ठरवून थांबत नाही.

बंदी एकदम जमणार नसेल तर निदान नवीन बोअर नाही आणि नवीन ऊस नाही एवढ्यावर या. जुना ऊस खोडवा संपल्यावर ठिबकवर किंवा दुसऱ्या पिकावर. नायगावला, पुरंदर तालुक्यात, विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीवर नाही, डोक्यावर वाटलं : माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. मला आजही ते सगळ्यात न्याय्य वाटतं, आणि ते फार गावांना झेपलं नाही हेही खरं. तुमच्यावर मी ते लादणार नाही, पण एकदा तिथे जाऊन या.

किती वर्षं? पहिल्या वर्षी ओढ्याचं पाणी कमी गढूळ येईल, बस. मोठ्या पावसानंतर बाटलीत भरून ठेवत जा, पुढच्या वर्षीच्या बाटलीशेजारी ठेवायला. तिसऱ्या वर्षी चारा. विहिरींचं मी चार-पाच वर्षांच्या आत काही सांगत नाही. मधे एक दुष्काळ येईल आणि तेव्हा लोक म्हणतील की आता तरी माळ उघडा. त्या वर्षी कापून न्यायचं गवत जास्त सोडा, कोटा वाढवा, पण जनावर आत घालू नका. सरपंचपदाची मुदत पाच वर्षं, आणि हे काम त्यात मावत नाही. म्हणून गायरानाची समिती पंचायतीपासून वेगळी ठेवा, नाहीतर निवडणुकीत तुमच्या विरोधातला पहिला नारा ‘माळ मोकळा करा’ हाच असेल.

शेवटी वेडी बाभूळ. जेसीबीनं एका दमात साफ करायचा विचार असेल तर थांबा. बुंध्याशी तोडली की ती दहा फुटव्यांनी परत येते, मूळ जमिनीखाली वीतभर खोदून काढावं लागतं आणि ते पावसानंतर माती मऊ असताना सोपं जातं. शेंगा जनावरं खातात आणि लेंड्यांतून बी सगळीकडे पेरत जातात, म्हणून शेंगा पिकायच्या आत, उन्हाळ्यापूर्वी, आधी बंद भागातली झाडं काढा. पण तुमच्या वस्तीवरच्या निम्म्या चुली तिच्यावर पेटतात हे विसरू नका. दर पावसाळ्यानंतर एक पट्टा घ्या, सरपण वस्तीवरच्या बायकांनाच नेऊ द्या, रिकाम्या जागेत त्याच आठवड्यात पवन्या-मारवेलाचं बी फेका आणि काट्यांचं कुंपण त्याच बाभळीच्या फांद्यांचं करा. ओढ्याकाठचा पट्टा सगळ्यात शेवटी. तिथली मुळं सध्या तरी काठ धरून आहेत.